रोजच्या उपचाराला जवळचं माणूस

सेरेब्रल पाल्सी असलेल्या दोन वर्षांच्या मुलाचे पाय ताठ होतात, गुडघे एकमेकांवर चढतात, हाताची मूठ सहजी उघडत नाही. अशा मुलाच्या आईला फिजिओथेरपिस्ट जे शिकवतात ते दिसायला साधं असतं. अंघोळीनंतर अंग सैल असतं तेव्हा पाय सावकाश ताणायचे. छातीखाली गोधडीची गुंडाळी देऊन पालथं झोपवायचं, म्हणजे मान वर उचलायची सवय लागते. भरवताना आडवं न ठेवता पाठ टेकवून बसवायचं, म्हणजे घास श्वासनलिकेत जाऊन ठसका लागत नाही. यातलं एकही काम महागडं नाही, पण महिन्यातून एकदा करून भागेल असंही एकही नाही. ते रोज, दिवसातून दोन-तीनदा करावं लागतं आणि मूल वाढेल तसं बदलावं लागतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यातल्या एखाद्या आडगावातून हे शिकायला निघायचं तर आधी राळेगाव गाठायचं आणि मग कळंबमार्गे सुमारे पंचेचाळीस किलोमीटरवरचं यवतमाळ. मूल काखेत, सोबत घरचं आणखी कुणीतरी, आणि दोघांचीही त्या दिवसाची मजुरी बुडालेली. निंदणाच्या किंवा कापूस वेचणीच्या हंगामात शेतमजूर घराला हे किती वेळा परवडेल? दोनदा, फार तर चारदा. मग फेऱ्या थांबतात आणि केसपेपरवर ‘पालक आले नाहीत’ एवढाच शेरा उरतो. माझं म्हणणं असं की दोष पालकांचा नाही, सेवेच्या रचनेचा आहे. उपचार रोजचा असेल तर तो शिकवणारं आणि त्यावर लक्ष ठेवणारं माणूस गावात, चालत जाण्याच्या अंतरावर हवं. लहान मुलांच्या बाबतीत ती जागा शोधायला फार लांब जायला नको. ती अंगणवाडी आहे.

‘अंगणवाडी’ या शब्दातच हा विचार आहे, आणि तो महाराष्ट्राच्या मातीतला आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचं काम केलं. तेव्हा त्यांच्यापुढचा पहिला प्रश्न हाच होता: बालवाडी काढली, पण मुलं येत नाहीत. घरातली मोठी माणसं कामावर, धाकट्या भावंडाला सांभाळायचं ओझं थोरल्यावर. मूल शाळेकडे येत नसेल तर शाळेनं मुलाच्या अंगणात जायचं, हे त्यांचं उत्तर होतं. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा महाराष्ट्रात मुंबईची धारावी आणि अमरावती जिल्ह्यातली धारणी ही सुरुवातीची ठिकाणं होती. आज राज्यात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, शाळापूर्व शिक्षण आणि पोषण-आरोग्य शिक्षण अशा सहा सेवा त्यांच्याकडे आहेत. सरकारच्या दुसऱ्या कुठल्याही कार्यालयाला गावातलं प्रत्येक तान्हं बाळ नावानं माहीत नसतं. सेविकेला ते माहीत असतं.

तरीही अपंग मूल याच यंत्रणेच्या नजरेतून निसटत राहिलं. स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडियाच्या संस्थापक मिठू अलूर यांनी लंडन विद्यापीठात केलेल्या संशोधनाचा विषयच हा होता: सर्व बालकांसाठी म्हणून आखलेल्या या योजनेतून अपंग बालकं धोरणाच्याच पातळीवर कशी वगळली गेली. त्यांनी त्या मुलांना ‘अदृश्य मुलं’ म्हटलं. आकड्यांतही ही अदृश्यता दिसते. २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटातली सुमारे २० लाख मुलं अपंग म्हणून नोंदली गेली, म्हणजे त्या वयाच्या मुलांपैकी १.२४ टक्के. पुढे पलवल, कांगडा, ढेंकनाल, उत्तर गोवा आणि हैदराबाद अशा पाच ठिकाणी तज्ज्ञांनी घरोघरच्या मुलांची नीट तपासणी केली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दोन ते सहा वर्षांच्या मुलांपैकी साधारण नऊ टक्के मुलांमध्ये मेंदूच्या वाढीशी निगडित किमान एक अडचण आढळली. त्यात अपस्मार, ऐकू कमी येणं, भाषेचा विकास मागे राहणं हे सगळं धरलेलं होतं. दोन्ही मोजण्यांच्या व्याख्या वेगळ्या आहेत, त्यामुळे आकडे शेजारी ठेवून थेट वजाबाकी करता येणार नाही. पण इतकी मोठी तफावत व्याख्येच्या फरकातून भरून निघत नाही. प्रगणकानं दारात उभं राहून ‘घरात कुणी अपंग आहे का’ विचारलं की दीड वर्षाच्या न बोलणाऱ्या मुलाची आई ‘नाही’ म्हणते, कारण तिच्या लेखी ते मूल अजून ‘उशिरा बोलणारं’ असतं. तेवढ्यात ऐकू न येणाऱ्या मुलाची मोलाची वर्षं निघून जातात. जन्मानंतर महिन्याभरात चाचणी, तीन महिन्यांत निदान आणि सहा महिन्यांत उपचाराची सुरुवात, असं श्रवणदोषाचं जगभर मानलं गेलेलं वेळापत्रक आहे. त्यात ‘बोलेल हळूहळू’ म्हणत वाट पाहण्याला जागा नाही.

शोध घेण्याची व्यवस्था आपल्याकडे नाही, असं म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम महाराष्ट्रातल्याच पालघरहून सुरू झाला. त्याची फिरती पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येऊन जन्मजात व्यंग, कमतरता, आजार आणि विकासातले विलंब तपासतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार सातावरून २१ वर नेले आणि प्रत्येक मुलाची वर्षातून किमान एकदा तपासणी व्हावी असं लिहून ठेवलं. २८ नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारनं दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची स्वतंत्र कार्यपद्धती जाहीर केली. लक्षणं लवकर ओळखणं, मुलाला गावच्या कार्यक्रमांत सामावून घेत कुटुंबाला बळ देणं आणि पुढच्या उपचारासाठी पाठवणं, अशा तिच्या तीन पायऱ्या आहेत. कागदावर हे सगळं योग्य आहे. पण पाठवल्यानंतर काय, या प्रश्नाशी आलं की पायऱ्या संपतात. जन्मजात वाकड्या पावलाचं उदाहरण घ्या. पॉन्सेटी पद्धतीत दर आठवड्याला प्लास्टर बदलत पाच-सहा आठवड्यांत पाऊल सरळ होतं, बहुतेकांना टाचेपाशी एक लहानशी शस्त्रक्रिया लागते. आई-बापांना वाटतं, काम झालं. खरी परीक्षा त्यानंतर असते. पट्टीला जोडलेले खास बूट आधी जवळजवळ दिवसभर आणि मग झोपेत, असे चार-पाच वर्षांचं होईपर्यंत घालावे लागतात. ते सुटले की पाऊल पुन्हा वाकतं, आणि पाऊल परत वाकण्याचं सगळ्यात मोठं कारण बूट सुटणं हेच आहे. मूल रात्री रडतं, आजी म्हणते ‘काढा ते, लेकराला टोचतंय’, आणि बूट फळीवर जातात. शल्यविशारदाचं कौशल्य त्या फळीपाशी हरतं. त्या आठवड्यात कुणी दारात येऊन बूट पुन्हा नीट चढवून दिले, टाचेवरचा फोड पाहिला, आजीशी दोन शब्द बोललं, तर तेच पाऊल वाचतं.

गावातली बाई हे करू शकेल का, हा रास्त प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर विदर्भातच आहे. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावातल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. नवजात बाळाचं वजन, ताप, श्वास, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखून घरीच उपचार करायला त्यांना शिकवलं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार त्या गावांतला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानानं ६२ टक्क्यांनी घटला. जे काम फक्त इस्पितळात होतं असं मानलं जात होतं, ते झोपडीत झालं, आणि पुढे आशाताईंच्या गृहभेटी देशभर त्याच वाटेनं गेल्या. याला आणखी एक बाजू आहे. आज जगणाऱ्या कमी वजनाच्या, अपुऱ्या दिवसांच्या, जन्मताच गुदमरलेल्या बाळांपैकी काहींचा विकास मागे राहतो. बाळ वाचवण्याची जबाबदारी गावापर्यंत नेली असेल तर वाचलेल्या बाळाला उभं करण्याची जबाबदारीही तिथवर जायला हवी. दुसरा दाखला गोव्याचा. तिथल्या ‘संगत’ संस्थेनं आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीच्या संशोधकांनी मिळून स्वमग्न मुलांसाठी एक प्रयोग केला. दोन्हीकडची मिळून ६५ मुलं त्यात होती. तज्ज्ञ नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्यांनी आई-वडिलांना मुलाशी खेळताना त्याच्या इशाऱ्यांना प्रतिसाद कसा द्यायचा हे दाखवलं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत पालकांचा प्रतिसाद सुधारला होता आणि मुलं आपण होऊन संवाद सुरू करू लागली होती. प्रयोग लहान होता, पण दिशा स्पष्ट आहे: तज्ज्ञाचं ज्ञान तज्ज्ञाविना घरात पोचू शकतं, फक्त पोचवणारं माणूस तयार करावं लागतं.

राळेगावला तर स्थानिक माणूस असणं ही अपरिहार्यताच आहे. तालुक्यातली काही गावं अनुसूचित क्षेत्रात येतात, विधानसभेचा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे, आणि गावाबाहेर कोलामांची पोडं, म्हणजे वस्त्या, आहेत. केंद्र सरकारनं विशेष असुरक्षित मानलेल्या महाराष्ट्रातल्या तीन जमातींपैकी कोलाम ही एक. घरात कोलामी बोलली जाते, आणि ती मराठीची बोली नसून द्राविडी कुळातली वेगळी भाषा आहे. तीन वर्षांच्या कोलाम मुलापुढे चित्र धरून बाहेरून आलेल्या पथकानं ‘हे काय आहे?’ असं मराठीत विचारलं आणि मूल गप्प राहिलं, तर कागदावर काय लिहिणार? वाचाविलंब? आणि खरोखरच ऐकू न येणारं दुसरं मूल असंच गप्प राहिलं, तर ‘लाजतंय’ म्हणून पुढे जाणार? या दोन गप्प मुलांमधला फरक त्यांच्याच भाषेत हाक मारणाऱ्या, पाठीमागून खुळखुळा वाजवून पाहणाऱ्या, आणि चार दिवसांनी पुन्हा येऊन खात्री करणाऱ्या माणसालाच कळेल. सिकलसेलचंही तसंच. विदर्भात या आजाराचं प्रमाण मोठं आहे आणि २०१६ च्या कायद्यानं त्याला अपंगत्वाच्या यादीत घेतलं. पण या मुलाला रोज काय लागतं? भरपूर पाणी, ठरलेल्या गोळ्या, आणि ताप आला की उद्यावर न ढकलता दवाखाना. उन्हाळ्यात पाणी आटलेल्या पोडावर ‘भरपूर पाणी’ म्हणजे काय, हे जिल्ह्याच्या ओपीडीतल्या डॉक्टरपेक्षा गावातल्या ताईला अधिक कळतं.

आता सगळ्यात वजनदार आक्षेप. अंगणवाडी सेविकेच्या डोक्यावर आणखी किती टाकणार? वजन, उंची, आहारवाटप, शाळापूर्व वर्ग, गृहभेटी, पोषण ट्रॅकरवरच्या नोंदी, शिवाय सर्वेक्षणं आणि निवडणुकीची कामं. डिसेंबर २०२३ पासून जानेवारी २०२४ पर्यंत राज्यातल्या सेविका आणि मदतनीस पन्नासहून अधिक दिवस संपावर होत्या. मानधनाच्या मोबदल्यात कर्मचाऱ्याइतकं काम करून घेणं, हे त्या संपाचं मूळ होतं. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच हे काम सेविकेवर लादू नये असं माझं म्हणणं आहे. सेविकेनं तिच्या नेहमीच्या कामातच करता येईल तेवढं करावं. वजन करताना मूल मान धरतं का, हाकेला वळतं का, आधाराशिवाय बसतं का, हे माता व बाल संरक्षण कार्डावरच्या टप्प्यांशी ताडून पाहावं, आणि मूल अपंग आहे म्हणून त्याला अंगणवाडीच्या बाहेर ठेवू नये. व्यायाम, बसण्याची साधनं, कुटुंबाचं शिक्षण यासाठी आठ-दहा गावांमागे एक स्वतंत्र, पगारी, स्थानिक कार्यकर्ती हवी. तिच्यावर तालुक्याच्या ठिकाणी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टची आणि वाचा-उपचारतज्ज्ञाची देखरेख हवी. एका गावात अशी दोन-तीन मुलं धरली तर तिच्याकडे पंचवीसेक मुलं येतील. दिवसाला पाच घरं केली तर पाच दिवसांत प्रत्येक मुलाच्या दारात ती एकदा पोचते. उरलेले सहा दिवस आई, आजी, थोरली बहीण ते काम करतात, कारण पुढच्या आठवड्यात ताई येऊन विचारणार आहे हे त्यांना माहीत असतं.

अर्धवट शिकलेली बाई मुलाला इजा करेल, अशी भीती काही जण व्यक्त करतात. ती अगदी खोटी नाही. ताठ स्नायू जोरानं ओढले तर खरंच दुखापत होते. पण यावरचा उपाय तिला कमी शिकवण्यात नाही. काय करायचं याइतकंच काय करायचं नाही, हेही नीट शिकवायला हवं, आणि दर महिन्याला तज्ज्ञानं तिच्याबरोबर घरी जाऊन तिचं काम पाहायला हवं. शिवाय तुलना आज काय चाललंय याच्याशी करायला हवी. आज ते मूल खाटेवर दिवसभर एका कुशीवर पडून आहे, त्याचे सांधे आखडत चालले आहेत. काहीच न होणं हीसुद्धा इजा आहे, ती फक्त कुणाच्या नावावर लागत नाही. दुसरी भीती शिक्का बसण्याची. दीड वर्षाच्या पोराला ‘अपंग’ ठरवून टाकलं तर घर खचेल, गाव नावं ठेवेल. म्हणून सुरुवात प्रमाणपत्रानं होऊ नये. दिव्यांगांचं युनिक आयडी कार्ड, ४० टक्के अपंगत्वाची अट, ठरलेल्या दिवशीचं वैद्यकीय मंडळ हे सगळं अनुदानासाठी लागेल तेव्हा होऊ द्या. बोलायला उशीर होणाऱ्या मुलाशी जास्त बोला, हे सांगायला कुठलंही टक्केवारीचं प्रमाणपत्र लागत नाही, आणि विलंब भरून निघाला तर चांगलंच.

वर्धा नदी ओलांडून वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन आहे. ते चालवणाऱ्या महारोगी सेवा समितीची स्थापना १९४९ ची. ज्यांना गावानं हाकललं त्यांना तिथं घर मिळालं, काम मिळालं, अंध आणि कर्णबधिर मुलांना शाळा मिळाल्या. मग अशाच चांगल्या निवासी संस्था प्रत्येक जिल्ह्यात काढाव्यात, विखुरलेल्या गावांत एकेका मुलामागे धावण्यात काय अर्थ, असं कुणी म्हणेल. ज्याला घरच नाही, किंवा ज्याला ब्रेल अथवा सांकेतिक भाषेत शिकायचं आहे, त्याला संस्था लागतेच. पण दोन वर्षांच्या मुलाला आईपासून तोडून संस्थेत ठेवणं हा उपाय होऊ शकत नाही. त्या वयात सगळं शिकणं आईच्या मांडीवर, चुलीपाशी, भावंडांच्या दंग्यात होतं. दुसरं असं की संस्थेत माणूस बदलतो, गाव बदलत नाही. अंगणात दोन बांबू आडवे बांधून त्यांना धरून चालायला शिकणारं मूल शेजारची पोरं रोज पाहतात, तेव्हा पहिलीच्या वर्गात ते आल्यावर त्यांना त्याचं नवल वाटत नाही.

पैशाचा प्रश्न शेवटी येतो, पण तो निर्णायक आहे. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. समजा, एका लहान ग्रामपंचायतीचं स्वतःचं उत्पन्न तीन लाख आहे. पाच टक्के म्हणजे पंधरा हजार. गावात तीस दिव्यांग असतील तर वर्षाअखेर माणशी पाचशे रुपये वाटले जातात. त्यातून कुणाचंच आयुष्य बदलत नाही, पण रक्कम खर्ची पडते. अशा शंभर ग्रामपंचायतींचा पैसा एकत्र केला तर पंधरा लाख होतात. दरमहा दहा हजारांप्रमाणे दहा कार्यकर्त्यांचं वर्षाचं मानधन बारा लाख होतं, आणि तीन लाख प्रवासाला व प्रशिक्षणाला उरतात. प्रत्यक्षात दहा हजार अपुरेच आहेत. जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि राज्याचा दिव्यांग कल्याण विभाग यांनी त्यात भर घालायला हवी. ३ डिसेंबर २०२२ रोजी हा स्वतंत्र विभाग जाहीर झाला, याचा आपण अभिमान बाळगतो. निधी एकत्र करण्यासाठी शासनाला स्पष्ट निर्णय काढावा लागेल. वाटप बंद झालं तर दिव्यांगांचा हक्काचा पैसा गेला, अशी तक्रार होईल आणि ती समजण्यासारखी आहे. पण उदरनिर्वाहाची जबाबदारी संजय गांधी निराधार योजनेची आहे, आणि दिव्यांगांसाठीची तिची रक्कम २०२५ मध्ये दरमहा अडीच हजार झाली. ती आणखी वाढवण्याची मागणी जरूर व्हावी. ग्रामपंचायतीच्या पाच टक्क्यांनी मात्र जे पैशानं एकट्या घराला विकत घेता येत नाही ते द्यावं, म्हणजे दारात येणारं शिकलेलं माणूस.

ही कार्यकर्ती फक्त मुलांपुरती राहणार नाही. ज्या घरी ती मुलासाठी जाते त्याच गल्लीत पक्षाघातानं पडलेले आजोबा असतात, काठी न मिळालेली अंध बाई असते. पण सुरुवात सहा वर्षांखालच्या मुलांपासून व्हावी, कारण त्यांच्यापाशी वेळ सगळ्यात कमी आहे. राळेगाव तालुक्यात हे सुरू करायला नवी इमारत नको. अंगणवाडीचा दुपारनंतर रिकामा राहणारा वर्ग पुरे, त्यात एक सतरंजी, दोन लोड, कोपऱ्यात बसवायची लाकडी खुर्ची, खुळखुळे, आणि ठरलेला वार. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत घरकुल आणि रस्त्यांच्या विषयांबरोबर हाही विषय मांडला जावा: आपल्या गावात सहा वर्षांखालची अशी मुलं किती, आणि गेल्या आठवड्यात त्यांच्या घरी कोण गेलं होतं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर तपासणीच्या पथकाकडून मिळेल. दुसऱ्या प्रश्नाला आज बहुतेक गावांत उत्तर मिळणार नाही. पुढच्या वर्षीच्या ग्रामसभेत तिथं एका ताईचं नाव सांगता आलं पाहिजे.